कुंडी कुठे घडवायची: वसईपासून निंगबोपर्यंत

सोमवार, वसई

वसई रोडला पूर्वेकडे उतरून वालीवच्या रस्त्याला लागलं की दोन्ही बाजूंना गाळेच गाळे. एका गाळ्यात डाय, म्हणजे प्लास्टिकच्या वस्तूचा पोलादी साचा, बनते, शेजारच्यात तिला पॉलिश होतं, समोर तयार नग डायमधून ढकलून काढणाऱ्या इजेक्टर पिना आणि स्प्रिंगा विकणारा बसलेला. डायचं काम कुठे अडलं तर कारागीर शंभर पावलं चालून ते सोडवून येतो. ही जवळीक भावपत्रकात दिसत नाही, म्हणून सुरुवात इथूनच करायची असं आम्ही ठरवलं होतं.

आम्ही म्हणजे मी आणि माझी धाकटी नणंद. वस्तू तिच्या डोक्यातून आलेली: लागेल तसं पाणी ओढून घेणारी कुंडी. बाहेर पाण्याचं चौकोनी भांडं, त्यात बसणारी, माती भरायची आतली कुंडी, दोन्हींना जोडणारी वात आणि पाणी किती उरलंय ते दाखवणारा बोटाएवढा तरंगता दर्शक. थ्रीडी प्रिंटरवर काढलेले नग लोकांनी वापरून पाहिले, मागणी आली. आता हजारांत काढायच्या तर डाय हवी. ती इथे करायची, चीनमध्ये करून आणायची, की कुंडीच तिकडून तयार मागवायची? यावर ज्याला त्याला मत होतं. मला मतांपेक्षा हिशेब हवा होता आणि तो जागेवर जाऊनच मिळणार होता.

डायवाल्या काकांनी ड्रॉइंग हातात घेतलं आणि पहिलाच प्रश्न विचारला, "वर्षाला किती नग काढणार?"

या एका प्रश्नावर पुढचं सगळं ठरतं. पी-२० हे डायसाठी नेहमी वापरलं जाणारं स्टील, कडकपणा साधारण ३० एचआरसी (कडकपणा मोजायचं एकक). नीट राखलं तर काही लाख शॉट, म्हणजे तितक्या वेळा मोल्डिंग, सहज देतं. एच-१३ कडक करून ५० एचआरसीच्या आसपास नेता येतं, पण ते महाग. प्लास्टिकच्या दाण्यात काचतंतू असतील तर त्याची गरज. आमची कुंडी साध्या पॉलिप्रॉपिलीनची, म्हणजे पीपीची. पहिल्या वर्षी काही हजार नग. काकांनी सरळ सांगितलं, "पी-२०, एक कॅव्हिटी, म्हणजे एका वेळी एकच नग. दोन कॅव्हिटीची डाय आत्ता केलीत तर पैसे स्टीलमध्ये अडकतील, ताई."

लहान धंद्यात सगळ्यात मोठी उडी डायची असते. नगाचा भाव नंतर चार आण्यांनी खाली-वर होतो, डायचे पैसे मात्र पहिला नग विकण्याआधीच गेलेले असतात.

नणंदेनं विचारलं, "वर्षभरानं काठाचा आकार बदलावासा वाटला तर?"

काकांनी कोपऱ्यातली एक जुनी डाय उघडून दाखवली. डायमधलं स्टील कोरून काढणं सोपं, भरणं कठीण. स्टील काढलं की तिथे नग जाड होतो. म्हणून जिथे खात्री नाही तिथे नग आधी पातळ ठेवायचा. जाड करणं दोन दिवसांचं काम, पातळ करायचा झाला तर वेल्डिंग आलं, आणि वेल्डिंगचा डाग पॉलिशखाली लपत नाही. नणंदेनं ड्रॉइंगवर तिथल्या तिथे तीन ठिकाणी खुणा केल्या.

निघताना काका म्हणाले, "बाहेरच्या डाया दुरुस्तीला माझ्याकडे येतात. काम चांगलं असतं, नाव ठेवायला जागा नाही. पण पिन तुटली की ड्रॉइंग कोणाकडेच नसतं. तिकडून आणलीत तर थ्रीडी फाइल, स्टीलचं सर्टिफिकेट आणि जादा पिना आधी लिहून घ्या." स्वतःचं गिऱ्हाईक जाण्याची शक्यता असताना हा सल्ला देणाऱ्या माणसाबद्दल मला मनापासून आदर वाटला.

मंगळवार, दमण

वापीला उतरून दमण. एकेकाळच्या करसवलतींमुळे इथे आणि शेजारच्या सिल्वासात प्लास्टिकचे कारखाने एकवटले. सवलती गेल्या, कारखाने राहिले, कारण तोवर दाणा पुरवणारे, दाण्यात मिसळायचा रंग, म्हणजे मास्टरबॅच, करणारे, मशीन दुरुस्त करणारे सगळे इथेच स्थिरावले होते.

मोल्डिंगवाल्यांनी आम्हाला मशीनचं गणित समजावलं. कुंडीचं तोंड २० बाय २० सेंटिमीटर, म्हणजे ४०० चौरस सेंटिमीटर. दर चौरस सेंटिमीटरला ०.३ ते ०.५ टन बळ धरलं तर डाय मिटून ठेवायला १२० ते २०० टन लागतात, म्हणजे २०० ते २५० टनांचं मशीन. टाय बारमधलं अंतर, लोकेटिंग रिंगचा व्यास, नोझलची गोलाई अशा मशीनच्या मापांचा कागद मी मागून घेतला. डाय कुठेही बनो, ती शेवटी याच मशीनवर चढायची असेल तर हा कागद डायवाल्याच्या हातात पहिल्या दिवशी पाहिजे.

मग दाण्याचा विषय निघाला. व्हर्जिन, म्हणजे कोरा, दाणा, पुन्हा वितळवलेला दाणा आणि कॅल्शियम, म्हणजे खडूची भुकटी, मिसळलेला दाणा, तिघांचे भाव वेगळे आणि तयार नग दिसायला जवळपास सारखे. ओळखायचं कसं? शुद्ध पीपी पाण्यापेक्षा हलका असतो, घनता ०.९ च्या आसपास. नगाचा तुकडा पाण्यात टाकला तर तरंगतो. वीस टक्क्यांच्या आसपास कॅल्शियम असेल तर तळाला जातो. मात्र भेसळ थोडी असेल तर तरीही तरंगतो, म्हणून सोबत वजनाचा काटा हवाच: नगाचं ठरलेलं वजन ग्रॅममध्ये ऑर्डरवर लिहायचं आणि प्रत्येक लॉटमधले काही नग तोलायचे. आमची कुंडी उन्हात राहणार, म्हणून यूव्ही स्टॅबिलायझरही लिहून घ्यायचा. त्याच्याशिवाय पीपी उन्हात ठिसूळ होतं. यूव्हीची चोरी पाण्यातही कळत नाही आणि काट्यावरही नाही. ती सहा महिन्यांनी गिऱ्हाइकाच्या गॅलरीत कळते. इथे मला देशी कारखान्याचा फायदा स्पष्ट दिसला: दाण्याची पिशवी फोडताना मी समोर उभी राहू शकते.

हिशेबाच्या दोन गोष्टी लहान धंदेवाल्यांनी लक्षात ठेवाव्यात. आपली डाय जॉबवर्करकडे, म्हणजे आपल्यासाठी काम करून देणाऱ्याकडे, चलनावर पाठवता येते, आणि जीएसटी कायद्याच्या कलम १४३ मध्ये कच्चा माल वर्षभरात आणि यंत्रं तीन वर्षांत परत आणण्याची जी अट आहे ती मोल्ड आणि डायना लागू नाही. दुसरी, मोल्डिंगवाला सूक्ष्म किंवा लघु उद्योग म्हणून नोंदलेला असेल तर लेखी करार असतानाही त्याचे पैसे ४५ दिवसांच्या आत द्यावे लागतात, करार नसेल तर १५ दिवसांत. उशीर झाला तर आयकर कायद्याप्रमाणे तो खर्च त्या वर्षी धरता येत नाही, प्रत्यक्ष पैसे देऊ त्या वर्षीच धरता येतो. मला हा नियम योग्य वाटतो. लहानांनी लहानांचे पैसे दाबून धंदा करू नये.

बुधवार, राजकोट

रात्रीच्या गाडीने राजकोट. आजी, शापर-वेरावळ, मेटोडा, तिन्ही औद्योगिक वसाहती धावत्या भेटीत. धातूचं काम या शहराच्या हाडात आहे: ओतकाम, ऑइल इंजिनं, मशीन टूल्स. डायचा भाव वसईपेक्षा कमी मिळाला आणि काम नेटकं होतं. पण डाय राजकोटला आणि मशीन दमणला म्हटलं की प्रत्येक ट्रायलला काही शे किलोंची डाय ट्रकवर चढणार, उतरणार. वाचलेले पैसे त्यातच जाणार. संध्याकाळपर्यंत हा पर्याय आम्ही बाजूला ठेवला.

मधले दिवस

चीनला निघण्याआधी कागदांचं काम. आयात करायची तर परकीय व्यापार महासंचालनालयाचा (डीजीएफटी) आयईसी, म्हणजे आयात-निर्यात क्रमांक, लागतो, तो पॅनवर ऑनलाइन निघतो. चीनचा व्यापारी एम व्हिसा निमंत्रणपत्रावर मिळतो. आणि सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे डिझाइनची नोंदणी. डिझाइन कायदा २००० नुसार नोंदणी १० वर्षांसाठी मिळते, पुढे ५ वर्षं वाढवता येते. पण अर्जाआधी आकार जगजाहीर झाला तर त्याचं नावीन्य संपतं. म्हणून अर्ज दाखल केला आणि मगच ड्रॉइंगं बॅगेत भरली. भारतातल्या अर्जाच्या तारखेपासून सहा महिन्यांत चीनमध्ये अर्ज केला तर तिथेही हीच तारीख धरली जाते. प्रदर्शनात उत्साहाने सगळं दाखवत सुटणाऱ्या नवउद्योजकांना मी हे कळकळीनं सांगते: आधी अर्ज, मग गप्पा.

गुरुवार, ग्वांगझू

मुंबई ते हाँगकाँग विमान, तिथून वेस्ट कौलून स्थानकातून वेगवान रेल्वे. चीनची पासपोर्ट तपासणी हाँगकाँगच्या स्थानकातच होते, त्यामुळे तासाभरात ग्वांगझू दक्षिण स्थानकावर उतरलो की थेट बाहेर. उद्यासाठी प्रश्नांची यादी करून झोपलो.

शुक्रवार, ग्वांगझू

१९५७ पासून भरणारं कँटन फेअर हे व्यापारी प्रदर्शन एप्रिल आणि ऑक्टोबरमध्ये सुरू होतं आणि तीन टप्प्यांत चालतं. घरगुती वस्तू आणि बागकामाचं सामान दुसऱ्या टप्प्यात, २३ ते २७ तारखांना. पाझौ भागातल्या प्रदर्शनाच्या दालनांत शिरल्यावर कुंड्यांच्या रांगाच रांगा दिसल्या आणि मी क्षणभर थांबलेच. आमच्यासारखीच, पाणी साठवणारी कुंडी एक-दोन नाही, बऱ्याच स्टॉलवर होती.

एका स्टॉलवर भाव विचारला. मुलीनं फोनवरच्या भाषांतरातून सांगितलेला आकडा आमच्या वसई-दमणच्या अंदाजाच्या दोन-तृतीयांश होता. सोबत अटी: किमान ३,००० नग, ३० टक्के आगाऊ, ७० टक्के बिल ऑफ लॅडिंगची, म्हणजे माल जहाजावर चढल्याच्या पावतीची, प्रत दाखवल्यावर, भाव एफओबी निंगबो, म्हणजे निंगबो बंदरात जहाजावर माल चढेपर्यंतचा.

अशा भावाचं कारण म्हणून आपल्याकडे लगेच "तिकडे मजुरी स्वस्त" म्हणतात. ते आता खरं नाही. चीनच्या कारखान्यातली मजुरी आपल्यापेक्षा बरीच जास्त आहे. स्वस्ताई येते ती मशीन दिवसरात्र चालण्यातून, डाय आणि दाणा आणि खोके एकाच तालुक्यात मिळण्यातून, आणि एकाच आकाराचे लाखो नग काढण्यातून. ही कुंडी "पब्लिक मोल्ड"ची होती: डाय कारखान्याची, कोणीही यावं आणि आपलं नाव छापून घ्यावं. म्हणजे डायचा खर्च शून्य, पण तीच कुंडी दुसरा कोणीही आपल्याच बाजारात आणू शकतो. आपल्या आकाराची हवी तर "प्रायव्हेट मोल्ड", डायचे पैसे आपले, आणि तो आकडा ऐकला की दोन-तृतीयांशचं आकर्षण निम्मं होतं.

नणंद मात्र भावाकडे लक्ष देत नव्हती. तिनं पर्समधून व्हर्निअर काढला, परवानगी घेऊन कुंडीची भिंत मोजली आणि मला बाजूला घेतलं. "वहिनी, ही दोन मिलिमीटरची आहे. आपली तीनची. आपण तिच्या भावाशी आपला भाव ताडतोय, पण तिच्यात प्लास्टिकच एक-तृतीयांश कमी आहे."

सगळ्या प्रवासातलं सर्वांत मोलाचं वाक्य हेच. आम्ही दोन देश तुलनेला घेतले होते, प्रत्यक्षात दोन वेगळ्या वस्तूंची तुलना करत होतो.

दुपारी आणखी एक काम शिकलो. समोरचा माणूस कारखानदार आहे की दलाल, हे ओळखण्यासाठी त्याचा व्यवसाय परवाना मागायचा. त्यावर १८ अंक-अक्षरांचा सामाजिक पत क्रमांक असतो आणि व्यवसायाची व्याप्ती लिहिलेली असते. त्यात उत्पादन आहे की फक्त विक्री, ते सरकारी नोंदवहीत ऑनलाइन ताडून पाहता येतं. दलाल असणं वाईट नाही, लहान ऑर्डरला तो उपयोगीच पडतो. पण डाय त्याच्याकडे ठेवायची नसते.

शनिवार, रेल्वेत

ग्वांगझूहून यिवूपर्यंतचा लांबचा प्रवास, खिडकीबाहेर डोंगर आणि बोगदे. नणंदेनं लॅपटॉप उघडला आणि दिवसभर आम्ही हवेचं गणित केलं. हवेचं अशासाठी की कुंडी ही मुख्यतः पोकळ वस्तू, आणि जहाज जागेचं भाडं घेतं.

वीस फुटी कंटेनरमध्ये कागदावर ३३ घनमीटर जागा असते, प्रत्यक्षात २८ भरते असं धरलं. आमची जोडकुंडी २० बाय २० बाय १८ सेंटिमीटर, म्हणजे ०.००७२ घनमीटर. एका कंटेनरमध्ये जेमतेम ३,९०० नग आणि त्यातली बहुतेक हवा. कुंड्या एकात एक का बसत नाहीत? कारण भिंत तीन मिलिमीटरची आणि उतार, ज्याला डायवाले ड्राफ्ट म्हणतात, फक्त एक अंश. या उतारावर वरची कुंडी खालचीत शिरतच नाही, सतरा सेंटिमीटर वरच अडते. भिंत दोन मिलिमीटर आणि ड्राफ्ट चार अंश केला तर प्रत्येक पुढची कुंडी फक्त तीन सेंटिमीटर उंची वाढवते. दहांची थप्पी ४५ सेंटिमीटर. बाहेरच्या आणि आतल्या कुंड्यांच्या थप्प्या वेगळ्या धरल्या तरी त्याच कंटेनरमध्ये साडेसात हजारांवर जोड बसतात.

म्हणजे जवळपास दुप्पट. आणि हे जहाजापुरतं नाही; दमणहून निघणारा टेम्पो, आमच्या गोदामाचा कप्पा, कुरिअरचं आकारमानी वजन, सगळीकडे हाच फरक पडणार. इतके दिवस आम्ही कारखाना कुठे निवडायचा यावर बोलत होतो आणि पैसे भिंतीच्या त्या एका मिलिमीटरमध्ये दडलेले होते.

रविवार, यिवू

यिवूच्या इंटरनॅशनल ट्रेड सिटीत ७५ हजारांच्या आसपास दुकानं आहेत. आम्ही फक्त एका गोष्टीच्या शोधात होतो: पाण्याचा दर्शक. मिळाला, तयार, प्रमाणित मापाचा, एका खोक्यात शेकड्यांनी. आमच्या रचनेत फक्त भोकाचा व्यास बदलला की तो बसत होता. स्वतःची डाय करायची गरज नाही, वजन नगण्य, जागा नगण्य, आणि किमान ऑर्डर एक खोका.

वेगवेगळ्या दुकानांतून मूठ-मूठ नमुने विकत घेतले आणि हॉटेलच्या बेसिनमध्ये रात्रभर पाण्यात ठेवले. काहींमध्ये सकाळपर्यंत पाणी शिरलं होतं. ज्यांचा जोड अल्ट्रासॉनिक वेल्डचा, म्हणजे ध्वनिलहरींनी वितळवून केलेला, होता ते कोरडे राहिले, चिकटवलेले भिजले. दुकानात सगळे एकसारखे लाल होते.

सोमवार, ह्वांगयान

ताइझौ शहराचा ह्वांगयान हा भाग चीनमध्ये डायचं माहेरघर म्हणून ओळखला जातो. गाडीनं पोचलो. ज्या कारखान्यात गेलो तिथे संगणकावर चालणारी सीएनसी मशीनं माणसाशिवाय चालत होती आणि माणसं पडद्यासमोर बसून प्लास्टिक डायमध्ये कसं वाहील त्याचं सिम्युलेशन पाहत होती. ज्याला ओतकामाची, कातकामाची ओढ आहे त्यानं हे एकदा बघावंच.

बोलण्याआधी आम्ही करार पुढे केला: गुप्तता, वापर न करणं आणि आम्हाला वगळून आमच्या गिऱ्हाइकाकडे न जाणं, असा तिहेरी. तो चिनी भाषेत हवा आणि त्यावर कंपनीचा लाल शिक्का हवा. नुसत्या सहीपेक्षा तिथे शिक्क्याला वजन आहे. त्यांनी तो शांतपणे वाचला आणि शिक्का मारला. जो कारखाना यावर नाराज होतो तिथे पुढे बसू नये.

तरुण अभियंत्यानं आमचं नवं ड्रॉइंग पाहिलं आणि लगेच मान डोलावली. मग त्यानं जे समजावलं ते मी वहीत जसंच्या तसं उतरवलं. मोल्डिंगच्या एका शॉटमधला सर्वांत मोठा वेळ प्लास्टिक थंड होण्यात जातो, आणि तो वेळ भिंतीच्या जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. तीनवरून दोनवर आलात तर नवाच्या ठिकाणी चार, म्हणजे निम्म्याहून कमी. आमचा अंदाजे शॉट ४० सेकंदांचा, त्यात थंड होण्याची २८. ती साडेबारावर आली की पूर्ण शॉट २५ सेकंदांच्या आत. तासाला ९० नगांऐवजी १४७. मशीनचं भाडं तासावर असतं, मग नगाचा खर्च किती उतरला हे सांगायलाच नको. पण त्यासाठी डायमधल्या पाण्याच्या वाहिन्या भिंतीला समांतर आणि जवळून जायला हव्यात. कूलिंगमध्ये कंजूषी केलेली डाय स्वस्त मिळते आणि आयुष्यभर महाग पडते, असं त्याचं म्हणणं. मला ते शंभर टक्के पटलं.

भाव चांगला होता. पहिली ट्रायल, ज्याला ते टी-वन म्हणतात, चाळीस दिवसांत. दमणच्या मशीनचा कागद दाखवल्यावर त्यांनी डाय त्या मापात बसवून द्यायची तयारी दाखवली. थ्रीडी फाइल, सर्टिफिकेट, जादा पिना, सगळं कबूल. कारखान्यातून बाहेर पडताना मी जवळजवळ हो म्हणणार होते.

नणंदेनं रस्त्यात विचारलं, "वहिनी, टी-वनचा नग बघायला कोण येणार? आणि टी-टूचा?"

कुंडीचा काठ अजून पक्का नव्हता. वात धरणारी खाच दोनदा तरी बदलणार हे आम्हा दोघींना माहीत होतं. टी-वनचा नग कुरिअरनं येणार, आम्ही फोटोवर बाण काढून पाठवणार, भाषांतर होणार, पुन्हा नग येणार. डाय कितीही सुबक असली तरी हा खेळ न ठरलेल्या वस्तूशी खेळणं महाग. वस्तू पक्की झाल्यावर दुसरी, दोन कॅव्हिटीची डाय काढायची वेळ येईल, तेव्हा याच कारखान्याला पहिला फोन करायचा असं मी वहीत लिहून ठेवलं.

मंगळवार, निंगबो

निंगबो-झौशान हे मालाच्या टनावर जगातलं सर्वांत मोठं बंदर, वर्षाला १०० कोटी टनांहून अधिक. मालाची वाहतूक ठरवून देणाऱ्या फ्रेट फॉरवर्डरच्या कार्यालयात बसून तयार कुंडी आणण्याचा पूर्ण हिशेब मांडला, म्हणजे मनात शंका राहायला नको.

माल, विमा आणि भाडं मिळून न्हावा शेवाला पोचलेली किंमत १०० रुपये धरू. मूळ सीमाशुल्क वस्तूच्या एचएस कोडनुसार, म्हणजे वर्गीकरणाच्या क्रमांकानुसार, बदलतं. १५ टक्के धरलं तर १५ रुपये. त्या शुल्कावर १० टक्के समाजकल्याण अधिभार, दीड रुपया. झाले ११६.५०. त्यावर १८ टक्के आयजीएसटी, म्हणजे आयातीवरचा जीएसटी, धरला तर २०.९७. एकूण १३७.४७. आयजीएसटी इनपुट क्रेडिट म्हणून परत मिळतो, पण माल विकेपर्यंत ते पैसे अडकतात. वर बंदरातले आकार, क्लिअरिंग एजंट, ट्रक. कंटेनर पूर्ण भरत नसेल तर एलसीएल, म्हणजे दुसऱ्यांच्या मालासोबत. तिथे घनमीटरवर पैसे आणि किमान आकार ठरलेला.

पैशापेक्षा मला वेळानं जास्त सावध केलं. उत्पादनाचा महिना-सव्वा महिना, बंदरापर्यंत आठवडा, समुद्रात तीन आठवड्यांच्या आसपास, क्लिअरन्सचा आठवडा. पहिले ३० टक्के दिल्यापासून विक्रीपर्यंत तीन महिने धरायचे, आणि जानेवारी-फेब्रुवारीत चिनी नववर्षाची लांब सुट्टी मध्ये आली तर त्याहून जास्त. तेवढ्या काळात दमणला आम्ही लहान लॉट काढू, विकू, गिऱ्हाइकांचं ऐकू, काठ सुधारू आणि पुन्हा काढू. ३,००० नगांची एक चूक आणि ३०० नगांची एक चूक यांत लहान धंदा जगण्या-मरण्याचा फरक असतो.

म्हणून ठरलं ते असं. दोन्ही कुंड्यांच्या डाया वसईत, पी-२० मध्ये, एक कॅव्हिटी, नव्या भिंतीच्या आणि नव्या उताराच्या. मोल्डिंग दमणला. दर्शक चीनमधून, कारण तो प्रमाणित आहे, बदलणार नाही, आणि वर्षभराचा साठा दोन-चार खोक्यांत मावतो. ज्या दुकानाचे नमुने कोरडे राहिले त्याच्या कारखान्याला ऑर्डर लिहिली: अल्ट्रासॉनिक वेल्ड, वजन ग्रॅममध्ये, दोन्ही बाजूंच्या सहीचा मोहोरबंद नमुना. तपासणी आयएसओ २८५९-१ या नमुने काढून तपासण्याच्या मानकाप्रमाणे: १,२०१ ते ३,२०० च्या लॉटला तपासणीच्या साधारण पातळी दोनवर १२५ नग काढायचे, एक्यूएल, म्हणजे दोषांची मान्य मर्यादा, २.५ धरली तर सातपर्यंत दोष चालतील, आठवा निघाला की लॉट परत. एकच पुरवठादार हा धोका आहेच, म्हणून भोकाचा व्यास दुसऱ्या दुकानाच्या दर्शकालाही चालेल असाच ठेवला.

विमानतळावर जाता जाता नणंदेनं नवी फाइल वसईला पाठवली. काकांचा फोन अर्ध्या तासात आला. दोन मिलिमीटर भिंत आणि चार अंश ड्राफ्ट त्यांना आवडला. वाहिन्या भिंतीला समांतर न्यायच्या तर कोअरमध्ये, म्हणजे कुंडीची आतली बाजू घडवणाऱ्या डायच्या भागात, वेगळा इन्सर्ट (जोडतुकडा) लागेल, त्याचे पैसे जास्त होतील, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं.

"घाला काका," मी म्हटलं. "आणि मशीनचं माप पाठवलंय, टाय बारमधलं अंतर एकदा ताडून घ्या."

"ते आधीच बघितलं. स्टीलची ऑर्डर उद्या देतो, आगाऊ रक्कम पाठवा."

विमानतळावर बोर्डिंग गेटसमोर बसून रक्कम पाठवली आणि सोबत मेल केला: डाय आमच्या मालकीची, तिच्यावर आमचं नाव कोरलेलं, ड्रॉइंगची प्रत दोघांकडे.